आवडता खेळाडू थांबला, आता पहाटे कोणासाठी उठू?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं. या वेळी बास्केटबॉल.

प्रश्न : २०११ मध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, अंतिम मालिकेत डॅलसनं मायामीला हरवलं, तेव्हापासून मी डॅलसच्या डर्क नोवित्स्कीचा चाहता. हिवाळ्यात रात्रीची लाईन असली की गव्हाचं ओलित आटोपून घरी यायचं, हातपाय धुवायचे आणि सामना लावायचा, असं आठ वर्षं चाललं. त्याचा शेवटचा सामना आपल्याकडच्या ११ एप्रिल २०१९ च्या पहाटे होता. त्या दिवशी आमच्याकडं लोकसभेचं मतदान. मी बूथवर एजंट म्हणून बसलो होतो. सामना हुकला तो हुकलाच. त्यानंतर एकही सामना पुरता बघितला नाही, लावला की पाच मिनिटांत बंद करतो. घरचे म्हणतात, ‘थो काय तुया मामाचा पोरगा होता काय?’ हे खूळ समजायचं का? आणि पुन्हा बघायचं तर सुरुवात कुठून करू?
– एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : खूळ नाही. साधा हिशेब करा. एनबीएत प्रत्येक संघ साखळीत ८२ सामने खेळतो. ऑक्टोबर संपता संपता हंगाम सुरू होतो आणि एप्रिलच्या मध्यात साखळी संपते, म्हणजे आपल्याकडं सोयाबीन घरी आल्यापासून गहू निघेपर्यंत. त्यातले निम्मे सामने बघितले असं धरलं तरी आठ वर्षांत तीनशेच्या वर पहाटा झाल्या. मामाचा पोरगा वर्षातून दोनदा भेटतो. हा माणूस तुमच्या रब्बीच्या प्रत्येक आठवड्यात होता. शिवाय नोवित्स्की १९९८ ते २०१९ असे २१ हंगाम डॅलसकडूनच खेळला. एकाच संघाकडून इतके हंगाम एनबीएत दुसरा कोणी खेळलेला नाही, कोबी ब्रायंटचे लेकर्सकडून, म्हणजे लॉस एंजेलिसच्या संघाकडून, २० होते. त्यामुळं संघ, खेळाडू आणि तुमची पहाट या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतल्या. तो गेल्यावर तिन्ही सुटल्या.

दुसरं कारण तुमच्याच पत्रात आहे : निरोप राहून गेला. तो आता घ्या. एक मोकळी संध्याकाळ ठरवा आणि दोन सामने पूर्ण बघा, निवडक क्षणांच्या चित्रफिती नकोत. त्या चित्रफितींत फक्त पडलेले बास्केट असतात. त्यांत नोवित्स्की कायम पंचवीस वर्षांचाच दिसतो आणि मग तो थांबला का, हे मनाला पटत नाही. पटायला त्याचे पाय बघावे लागतात. एप्रिल २०१८ मध्ये त्याच्या डाव्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली. शेवटच्या हंगामात तो थेट १३ डिसेंबरला मैदानात उतरला आणि हंगामभराची सरासरी ७.३ गुणांवर आली. एके काळी त्याला फ्री थ्रो रेषेच्या (फाऊलनंतरची मोकळी फेक जिथून मारतात ती) कोपऱ्यावर चेंडू मिळायचा. शेवटी शेवटी तो बहुतेक तीन गुणांच्या रेषेबाहेर उभा राहून वाट बघायचा. बचावाला परत पळताना त्याचं पाऊल कसं पडतं, तेवढंच पाच मिनिटं बघा.

पहिला सामना घरच्या मैदानावरचा, ९ एप्रिल २०१९ चा, फिनिक्सविरुद्धचा. चाळिसाव्या वर्षी त्यानं त्यात ३० गुण केले. सामन्यानंतर लॅरी बर्ड, चार्ल्स बार्कली, स्कॉटी पिपेन, शॉन केम्प आणि डेटलेफ श्रेम्फ मैदानात आले. हे खेळाडू बघत बघतच हा जर्मन पोरगा घडला होता. दुसरा सामना तुमचा हुकलेला, सॅन अँटोनिओतला. तिथं प्रतिस्पर्धी संघानं आपल्याच मैदानावर त्याची चित्रफीत लावली आणि त्याचे डोळे भरून आले. त्या दिवशी २० गुण, १० रिबाउंड (हुकलेल्या फेकीचा परतलेला चेंडू पकडणं). वही घेऊन बसा आणि चारच गोष्टी टिपा : चेंडू कुठं मिळाला, किती ड्रिबल घेतले (चेंडू किती वेळा जमिनीवर आपटला), कोणत्या पायावरून उडी मारली, आणि चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागला की मागच्या. ही नोंद केली की रडू आलं तरी डोळा कामाला लागलेला राहतो.

पुन्हा बघायचं तर वेळेचं गणित ध्यानात ठेवा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७.३० ला सुरू होणारा सामना आपल्याकडं मार्चच्या दुसऱ्या रविवारापासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारापर्यंत पहाटे ५ ला लागतो, बाकी हिवाळ्यात ६ ला. पश्चिम किनाऱ्यावरचा त्याच वेळेचा सामना ८ किंवा ९ ला. डॅलस या दोघांच्या मध्ये, म्हणजे ६ किंवा ७. पुष्कळांची गल्लत मार्चमध्ये होते, घड्याळ तिकडं बदलतं आणि इथं पहिला डाव निघून जातो. आठवड्याला एकच सामना ठरवा.

‘त्याच्या जागी दुसरा’ असा खेळाडू मात्र शोधू नका. डॅलसच्या कितीतरी चाहत्यांनी २०१९ नंतर जीव लुका डोन्चिचला लावला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये संघानं त्याला लेकर्सकडं देऊन टाकलं. तेच दुखणं पुन्हा. त्यापेक्षा नोवित्स्कीची एका पायावरची फेक आता कोण कशी मारतो ते बघा. केव्हिन ड्युरंटनं ती उचलली. निकोला योकिच तशीच एका पायावरून मारतो, पण डाव्या नव्हे, उजव्या पायावरून. आठ वर्षांत तुमची नजर इतकी तयार झाली आहे की हा फरक तुम्हाला पहिल्याच सामन्यात दिसेल.

प्रश्न : आमच्या तालुका संघाचा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा खेळाडू, गुडघ्यांमुळं थांबतो आहे. वय बेचाळीस. गावात बास्केटबॉल त्यानंच आणला. निरोपाचा सामना ठेवायचा आहे, त्याचा ११ नंबर बंद करायचा आहे आणि त्याच्या नावानं शाळेच्या पटांगणात नवी रिंग उभारायची आहे. जुना खांब काळ्या मातीत होता, दोन पावसाळ्यांत वाकला. सगळं नीट सांगा.
– गावातली पोरं, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : आधी त्याला विचारा. सॅन अँटोनिओचा टिम डंकन १९ हंगाम खेळून, पाच विजेतेपदं घेऊन ११ जुलै २०१६ ला एका छोट्याशा निवेदनानं मोकळा झाला. निरोप समारंभ नाही, भाषण नाही. काहींना तसंच आवडतं. दादा ‘नको’ म्हणाले तर सामना रद्द करा आणि रिंगच तेवढी उभारा.

हो म्हणाले तर सामना दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत ठेवा आणि चार वाजता सुरू करा. सहानंतर दव पडतं आणि सिमेंटच्या मैदानावर बूट सरकतो. बेचाळिशीच्या गुडघ्याला ते परवडत नाही. सगळ्यात मोठी चूक अशी होते : पाहुणे येतात, शाल-श्रीफळ होतं, दीड तास भाषणं चालतात, सत्कारमूर्ती खुर्चीत बसून आखडतो आणि मग त्याला पळायला लावतात. स्नायू तिथंच धरतो. म्हणून आधी सामना, मग सत्कार. त्याला २० मिनिटं हळूहळू अंग गरम करू द्या. दहा-दहा मिनिटांचे चार डाव असतात. पहिल्यातली पहिली पाच आणि शेवटच्यातली शेवटची तीन मिनिटं त्याला खेळवा. मधल्या वेळात गुडघे गार पडू देऊ नका, बाजूला चालत ठेवा.

त्याच्या जागेवर चेंडू पोचवायचा हे संघानं आधीच ठरवा. कोबी ब्रायंटचा शेवटचा सामना आठवा. आपल्याकडं ती १४ एप्रिल २०१६ ची सकाळ होती, बाबासाहेबांच्या सव्वाशेव्या जयंतीची. त्यानं युटाविरुद्ध ५० वेळा चेंडू फेकला, २२ बास्केट झाले, ६० गुण केले आणि लेकर्स १०१-९६ नं जिंकले. सोबती सतत चेंडू देत राहिले म्हणून ते झालं. तुमचे दादा सेंटर आहेत, त्यांना रिंगजवळ पाठ करून उभं राहू द्या आणि चेंडू छातीच्या वर द्या. खाली दिलेला चेंडू उचलायला गुडघा वाकवावा लागतो.

नंबरासाठी कोणाची परवानगी लागत नाही. पुढच्या वेळी कपडे शिवायला टाकताना ११ टाकायचा नाही, एवढंच. लेकर्सनी कोबीचे ८ आणि २४ हे दोन्ही बंद केले. २०२२ मध्ये बोस्टनचा जुना खेळाडू बिल रसेल याचा ६ साऱ्या एनबीएत बंद झाला, पण ज्यांच्या अंगावर तो आधीच होता त्यांना चालू ठेवायची मुभा दिली. आमचं मत वेगळं आहे. बारा जणांच्या गावच्या संघात नंबर कपाटात ठेवण्यापेक्षा दादांनीच तो एखाद्या पोराच्या अंगावर चढवावा. अर्थात शेवटचा शब्द त्यांचा.

आता रिंग. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. खांबाचा पाया त्याच मातीत असेल तर दरवर्षी थोडा ढकलला जातो, त्यात बोर्डाचं वजन एका बाजूला, म्हणून खांब वाकतो. उपाय एकच, मुरूम लागेपर्यंत खणा. साधारण साडेचार फूट धरा. मुरूम त्याच्या खाली असेल तर आणखी खाली जा. खड्डा अडीच बाय अडीच फूट. तळाला सहा इंच मुरूम पाणी मारून चांगला धुम्मसनं ठोका. वरच्या चार फुटांत काँक्रीट : एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार गिट्टी. म्हणजे २५ घनफुटांना साडेचार पोती सिमेंट, ११ घनफूट वाळू, २२ घनफूट गिट्टी. पाणी बेतानं घाला. मिस्त्री घाईत पातळ माल करतो, तो लवकर भरला जातो पण कच्चा राहतो. चारी बाजूंनी मोकळ्या राहिलेल्या जागेत काळी माती परत लोटू नका, मुरूमच भरा.

खांबाला चार इंची जाड लोखंडी पाईप घ्या. खालच्या टोकाला दोन सळ्या आडव्या-उभ्या वेल्ड करा, नाहीतर पोरं रिंगला लोंबकळली की पाईप काँक्रीटमध्येच फिरतो. वरचं तोंड पत्रा मारून बंद करा. उघडं राहिलं तर पाणी आत उतरतं आणि पाईप आतून कुजतो. बाहेरून तो जमिनीलगत कुजतो, म्हणून काँक्रीट जमिनीच्या तीन इंच वर घ्या आणि वरून उतार द्या. खांबापासून बोर्ड निदान चार फूट पुढं हवा, म्हणजे लेअप (पळत येऊन रिंगजवळून मारलेली फेक) मारून येणारा पोरगा खांबावर आदळणार नाही. तरीही खांबाला सहा फुटांपर्यंत जुनी गादी किंवा रबर गुंडाळाच.

बोर्ड १.८० बाय १.०५ मीटर, १८ मिलिमीटरचं पाण्यात टिकणारं प्लाय, आणि कडांना आधी रंग, कारण पाणी कडेतूनच शिरतं. त्याची खालची कड जमिनीपासून २.९० मीटर. रिंग आतून ४५ सेंटिमीटर, वरची कड जमिनीपासून ३.०५ मीटर, म्हणजे दहा फूट. हीच जागा बहुतेक गावांत चुकते. मोजमाप काळ्या मातीपासून घेतात, नंतर मैदानावर चार इंच मुरूम टाकतात आणि रिंग नऊ फूट आठ इंचांवर येते. त्या रिंगवर तयार झालेल्या पोराचे चेंडू जिल्ह्याला गेल्यावर आखूड पडतात आणि दोष पोराला लागतो. म्हणून आधी मैदान पुरं करा, मग मोजा. खांबाला ओळंबा लावा आणि बोर्ड चढवल्यावर पुन्हा लावा. रिंगवर पाणसळ दोन्ही दिशांनी ठेवा. पुढून अर्धा इंच झुकलेली रिंग चांगली फेकसुद्धा बाहेर टाकते. फ्री थ्रोची रेषा बोर्डाच्या दर्शनी बाजूपासून ४.६० मीटरवर आखा.

काँक्रीटवर ओला बारदाना टाकून चौदा दिवस पाणी मारा. उन्हाळ्यात काम काढलं तर दिवसातून चार वेळा. त्याआधी बोर्ड चढवू नका, दादांच्या समारंभाची तारीख जवळ आली असली तरीही.

प्रश्न : लेकर्सची जर्सी आहे, मैत्रिणीनं दिलेली. कोबी गेल्यापासून घालत नाही, पण आकड्यांना भेगा पडायला लागल्या. जपायची कशी?
– एक वाचक, मूर्तिजापूर

उत्तर : भेगा बहुतेक उन्हानं आणि धोपटण्यानं पडतात. उलटी करून गार पाण्यात सौम्य साबणानं हातानं धुवा, पिळू नका, सावलीत सपाट वाळवा. आकड्यावर इस्त्री फिरवू नका. घडी आकड्यावरून घालू नका, सुती कापडात गुंडाळून ठेवा. डांबर गोळ्या आकड्याला चिकटू शकतात, त्याऐवजी वाळलेला कडुनिंबाचा पाला कापडाच्या पुरचुंडीत बांधा. फ्रेम केलीत तर ऊन न येणाऱ्या भिंतीवर लावा. आणि पडलेल्या भेगांवर गोंद लावू नका, तो पिवळा पडतो.

प्रश्न : निवृत्त झालेला खेळाडू परत येऊ शकतो ना? मायकेल जॉर्डन आला होता. वाट बघू का?
– एक विद्यार्थी, वरूड

उत्तर : जॉर्डननं ६ ऑक्टोबर १९९३ ला निवृत्ती घेतली तेव्हा तो तिशीत होता, गुडघे-घोटे शाबूत होते. त्यानं १८ मार्च १९९५ ला परतत असल्याचं जाहीर केलं, तो १९९९ मध्ये पुन्हा थांबला, २००१ मध्ये वॉशिंग्टनकडून पुन्हा आला आणि १६ एप्रिल २००३ ला शेवटचा खेळला. लेकर्सचा मॅजिक जॉन्सन नोव्हेंबर १९९१ मध्ये एचआयव्हीमुळं थांबला, १९९६ मध्ये ३२ सामने खेळायला आला. दोघंही शरीरानं खेळण्याजोगे होते. पाय थकले म्हणून चाळिशीला थांबलेला खेळाडू परतत नाही. त्याची वाट बघू नका.

प्रश्न : नोवित्स्कीची एका पायावरची फेक शिकायची आहे. उंची पाच फूट पाच इंच, मैदान मुरमाचं. सात फुटी माणसाची फेक मला जमेल का? वडील त्याचे चाहते होते, त्यांना करून दाखवायची आहे.
– एक विद्यार्थिनी, दर्यापूर

उत्तर : जमेल, कारण या फेकीची ताकद उंचीत कमी आणि मोकळ्या जागेत जास्त आहे. रिंगकडं पाठ करून चेंडू घ्यायचा, वळायचं, उजवा गुडघा वर उचलायचा आणि डाव्या पायावरून थोडं मागं उडत चेंडू सोडायचा. गुडघा दोन कामं करतो : बचाव करणारीला जवळ येऊ देत नाही, आणि मागं झुकलेल्या अंगाचा तोल पुढून सांभाळतो. डॅलसच्या मैदानाबाहेर डिसेंबर २०२२ मध्ये नोवित्स्कीचा पुतळा उभारला, तो याच क्षणाचा आहे. त्याचं छायाचित्र समोर ठेवा आणि कंबरेच्या वरचं अंग बघा : पाय मागं चाललेत, पण उजवं कोपर चेंडूच्या खाली रिंगच्या दिशेनं सरळ आहे.

चेंडू ६ नंबरचा घ्या, मुलींच्या सामन्यात तोच असतो. वडिलांचा जुना ७ नंबरचा जड आणि मोठा पडेल, मनगट बिघडेल.

पहिला आठवडा उडीच नको. रिंगपासून दीड मीटरवर डाव्या पायावर उभं राहा, उजवा गुडघा कंबरेपर्यंत, आणि रोज २५ फेका. तोल जात असेल तर नजर रिंगच्या मागच्या कडेवर रोखा. दुसरा आठवडा छोटी उडी, जागच्या जागी वर. तिसऱ्यात मागं उडी, पण वीतभरच. चौथ्यात पाठ करून उभं राहा, वळा आणि मारा. २५ पैकी १० पडेपर्यंत लांब जाऊ नका. मग अर्ध्या अर्ध्या मीटरनं सरका.

चेंडू आखूड पडतो तेव्हा खांदे पायांपेक्षा जास्त मागं गेलेले असतात. उजवीकडं जातो तेव्हा वळणं अर्धं राहिलेलं असतं आणि छाती रिंगकडं आलेली नसते. उडी मारल्यावर चेंडू हातातून सुटण्याआधी पाय जमिनीला टेकला तर ट्रॅव्हल, म्हणजे पावलांचा नियमभंग. आणि गुडघा वर उचलायचा आहे, समोरच्या मुलीच्या पोटात खुपसायचा नाही, तो फाऊल तुमचाच.

मुरमावर मात्र आधी झाडू मारा. सुटे खडे हे या फेकीचे सगळ्यात मोठे वैरी, कारण सारं वजन एका घोट्यावर येतं. उतरताना दोन्ही पाय टेकवा, गुडघे वाकलेले ठेवा. रात्री पाऊस झाला असेल तर वरचा थर वाळलेला दिसतो पण खालून पाऊल सरकतं, त्या दिवशी फक्त उभ्यानं फेका. वडिलांना दाखवायच्या दिवशी पहिल्या दहा फेका जवळून, विनाउडीच्या करा. हात बसला की मग त्यांना रिंगच्या उजव्या बाजूला उभं करा, तिथून उचललेला गुडघा नीट दिसतो.